पत्त्यांचें शब्दकोडें

संगणकावर खेळावयाच्या खेळांत पत्त्यांचा एक खेळ असा आहे कीं, त्यांत पोकरचा हिशेब आणि शब्दकोड्याची मांडणी यांचा संयोग झालेला आढळतो. पट ५ आडव्या आणि ५ उभ्या ओळींचा, म्हणजे २५ घरांचा असतो. ५२ पत्त्यांचा जोड पिसून संगणक एकेक पत्ता उघडतो. तो पत्ता खेळणाऱ्यानें कोणत्याहि रिकाम्या घरांत ठेवावा. मात्र एकदां ठेवलेला पत्ता हलवितां येत नाहीं, आणि पुढचा पत्ता कोणता हें आधीं कळत नाहीं. सर्व घरें भरलीं कीं डांव संपला. मग प्रत्येक आडवी व प्रत्येक उभी ओळ हा पोकरचा पांच पत्त्यांचा एक हात समजून गुण मोजावयाचे. पत्ते २५ आणि हात मात्र १०; कारण शब्दकोड्यांतील अक्षर जसें आडव्या शब्दाचें तसेंच उभ्या शब्दाचेंहि असतें, त्याप्रमाणें येथें प्रत्येक पत्ता दोन ओळींत मोजला जातो. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण येथें पुष्कळदां खरी ठरते! संगणक येण्यापूर्वींपासून हा खेळ ‘पोकर स्क्वेअर्स’ किंवा ‘पोकर पेशन्स’ या नांवांनीं टेबलावर खऱ्या पत्त्यांनीं खेळला जात आला आहे.

या खेळाचीं दोन्ही मुळें अमेरिकेंत सांपडतात, पण त्यांचे स्वभाव अगदीं भिन्न. पोकर वाढला तो मिसिसिपी नदीवरील आगबोटींत. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत, १८२९ सालीं आगबोटीवर पाहिलेल्या अशा एका डांवाचें वर्णन केलें आहे. प्रारंभीचा पोकर अवघ्या २० पत्त्यांचा होता. चौघांना पांच पांच पत्ते वाटले कीं जोड संपे. पुढें ५२ पत्ते आले, आणि एकाच जातीचे पांच पत्ते म्हणजे ‘फ्लश’ व लागोपाठच्या किंमतीचे पांच पत्ते म्हणजे ‘स्ट्रेट’ हे हात मागाहून दाखल झाले.

हातांची प्रतवारी मनास येईल तशी ठरलेली नाहीं. ५२ पत्त्यांतून पांच पत्त्यांचे हात २५,९८,९६० होतात. त्यांपैकीं साधी जोडी असलेले १०,९८,२४०, स्ट्रेट १०,२००, फ्लश ५,१०८, तिकूट आणि जोडी मिळून होणारे ‘फुल हाउस’ ३,७४४, आणि एकाच किंमतीचे चार पत्ते असलेले केवळ ६२४. जो हात दुर्मिळ तो श्रेष्ठ, हाच त्या प्रतवारीचा न्याय. अर्थात् आगबोटीवरील जुगारी हे आंकडे मांडीत बसत नसत. त्यांचा भर पैज वाढवून प्रतिस्पर्ध्यास घाबरविण्यावर असे.

शब्दकोड्याचा जन्म मात्र नक्की सांगतां येतो. २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणींत आर्थर विन या लिव्हरपूलच्या गृहस्थानें तें ‘वर्ड-क्रॉस’ या नांवानें छापलें. कांहीं आठवड्यांत त्या नांवांतील दोन शब्दांची अदलाबदल होऊन ‘क्रॉस-वर्ड’ झालें. १९२४ सालीं सायमन व शूस्टर या नव्या प्रकाशकांनीं आपलें पहिलेंच पुस्तक म्हणून शब्दकोड्यांचा संग्रह काढला आणि प्रत्येक प्रतीस एक पेन्सिल जोडून दिली. त्यानंतर हें वेड समुद्रापार गेलें.

आपल्याकडे तें बक्षिसांच्या रूपानें पसरलें आणि तेथेंच त्याचा स्वभाव पालटला. बक्षिसाच्या कोड्यांत एकाच जागीं दोन शब्द सारखेच शोभून दिसत, आणि त्यांतला कोणता ‘बरोबर’ हें चालकांनीं आधींच ठरवून ठेवलेलें असे. अशा ठिकाणीं शब्दज्ञान कितपत उपयोगी पडणार? मुंबई सरकारनें १९४८ सालीं सोडती व बक्षीस-स्पर्धा यांच्या नियंत्रणाचा कायदा केला. बंगलोर येथील एका पत्रांतून चालणाऱ्या शब्दकोड्याच्या स्पर्धेवरून उद्भवलेला चमारबागवाला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ९ एप्रिल १९५७ रोजीं निकाल लागला. ज्या स्पर्धेंतील यश मुख्यत्वें कौशल्यावर अवलंबून नाहीं ती जुगाराच्याच जातीची होय आणि व्यापाराच्या स्वातंत्र्याचें संरक्षण तिला मिळावयाचें नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. विद्येचा समजला जाणारा खेळ अशा रीतीनें जुगाराच्या पंक्तीस जाऊन बसला. पत्त्यांच्या चौरसाचें याच्या नेमकें उलट झालें आहे. तेथें पोकरमधून पैज गेली, प्रतिस्पर्धी गेला, हूल गेली. उरली ती केवळ प्रतवारी आणि जागेची निवड.

आणि निवड आली कीं जुनी प्रतवारीहि डळमळूं लागते. हा मुद्दा आल्फ्रेड बट्स याच्या उदाहरणानें चांगला उमगतो. हा वास्तुशिल्पी १९३१ च्या सुमारास मंदीमुळें बेकार झाला, आणि त्यानें वर्तमानपत्रांच्या पानांवरील अक्षरें मोजून कोणतें अक्षर किती वेळां येतें तें काढलें. त्यावरून त्यानें अक्षरांचे गुण ठरविले. हाच खेळ पुढें १९४८ सालीं जेम्स ब्रूनो यानें ‘स्क्रॅबल’ या नांवानें विक्रीस आणला. परंतु ‘एस’ हें विपुल आढळणारें अक्षर बट्सनें मुद्दाम चारच वेळां ठेवलें. तें शब्दाच्या शेवटीं जोडून अनेकवचन करणें अतिसुलभ झालें असतें. छापील पानावरची विपुलता निराळी आणि पटावरची सोय निराळी, हें त्यानें ओळखलें होतें.

पत्त्यांच्या चौरसांत हाच प्रश्न फ्लशच्या बाबतींत उभा राहतो. अमेरिकन पद्धतींत पोकरचीच प्रतवारी कायम ठेवून जोडीस २, दोन जोड्यांस ५, तिकुटास १०, स्ट्रेटला १५, फ्लशला २०, फुल हाउसला २५ आणि चार सारख्या पत्त्यांस ५० गुण देतात. इंग्लिश पद्धतींत हेंच कोष्टक अनुक्रमें १, ३, ६, १२, ५, १० आणि १६ असें आहे. फ्लश तिकुटाच्याहि खालीं गेला! कारण उघड आहे. खेळणारा चार उभ्या ओळी चार जातींस वांटून देतो, पांचवी ओळ नकोशा पत्त्यांसाठीं राखतो, आणि २५ पत्त्यांत प्रत्येक जातीचे सरासरीनें सहा पत्ते येत असल्यानें फ्लश बहुधा जमतो. वाटलेल्या हातांत फ्लश दुर्मिळ. स्वतः मांडलेल्या ओळींत तो स्वस्त. इंग्लिश कोष्टक अधिक न्याय्य आहे, यांत संशय नाहीं.

प्रत्यक्ष डांवांत याचा परिणाम काय होतो तें पहावें. एका उभ्या ओळींत इस्पिकाचे चार पत्ते आहेत, त्यांत राजा नाहीं. पांचवें घर रिकामें आहे, आणि त्याच घराच्या आडव्या ओळींत दोन राजे व दोन बेजोड पत्ते आहेत. अशा वेळीं बदामचा राजा उघडला. तो त्या घरांत ठेवावा काय? अमेरिकन हिशेबानें जोडीचें तिकूट होऊन ८ गुणांचा लाभ, पण २० गुणांच्या फ्लशची आशा गेली. तेव्हां बहुतेक वेळां इस्पिकाची वाट पाहणेंच बरें. इंग्लिश हिशेबानें मात्र लाभ ५ चा आणि गमावावयाचे तेहि ५च, शिवाय ते अजून हातीं आलेले नाहींत. म्हणून राजा निःशंक ठेवावा. तीच घरें, तेच पत्ते, पण चाल निराळी. अमेरिकन पद्धतींत २०० आणि इंग्लिश पद्धतींत ७० गुण झाले म्हणजे डांव जिंकला असें मानतात.

२५ पत्ते २५ घरांत मांडण्याच्या रीतींची संख्या २६ आंकडी आहे. त्या सगळ्या तपासणें यंत्रालाहि शक्य नाहीं. म्हणून संगणक उरलेला डांव अनेकवार यदृच्छेनें खेळून पाहतो, आणि सरासरीनें जी चाल फलदायी ठरेल ती पत्करतो. २०१६ सालीं अमेरिकेंत विद्यार्थ्यांच्या संगणक-आज्ञावल्यांची या खेळांत चढाओढ लावली गेली. तींत अमेरिकन किंवा इंग्लिश यांपैकीं एकच कोष्टक नेमून दिलेलें नव्हतें. निरनिराळीं कोष्टकें पुढें ठेवीत, आणि एखाद्या कोष्टकांत तर एकाच प्रकारच्या हाताला गुण असत. फ्लशसाठीं चार उभ्या ओळी राखण्याची नेहमीची युक्ति तेथें निरुपयोगी होई, आणि आज्ञावलीला प्रत्येक वेळीं आधीं कोष्टक तपासून मगच पहिला पत्ता ठेवावा लागे.