गोळीबारात शिरणाऱ्या मेडिकचा ताण मोजला, तेव्हा काय सापडलं?

‘कॉर्टिसॉल वाढलंय म्हणून झोप येत नाही’, ‘कॉर्टिसॉल कमी करणारे ५ पदार्थ’ अशा रील्स सध्या सतत समोर येतात. कॉर्टिसॉल म्हणजे ताण आणि ते कमी असलं की माणूस निवांत, असं सोपं गणित त्यात मांडलेलं असतं.

हे गणित किती खरं आहे? व्हिएतनाम युद्धात झालेला एक अभ्यास या प्रश्नाचं उत्तर शोधायला मदत करतो. त्या अभ्यासात जखमी सैनिकांना हेलिकॉप्टरमधून उचलून आणणाऱ्या ७ मेडिकची, म्हणजे लष्करी वैद्यकीय सहायकांची तपासणी झाली होती.

हे मेडिक नेमकं काय काम करायचे?

व्हिएतनाममधल्या अमेरिकी हेलिकॉप्टर रुग्णवाहिकांना ‘डस्टऑफ’ म्हणत. हे मुळात रेडिओवरचं सांकेतिक नाव होतं. अशा हेलिकॉप्टरमध्ये साधारण चौघं असायचे. दोन पायलट, यंत्राची काळजी घेणारा एक क्रू चीफ आणि एक मेडिक.

जखमी सैनिक जिथे पडलाय तिथेच उतरायचं, त्याला आत घ्यायचं आणि रुग्णालय गाठेपर्यंत रक्तस्राव थांबवणं, श्वास चालू ठेवणं, सलाइन लावणं ही कामं हवेतच करायची. अनेकदा खाली गोळीबार चालू असायचा. १ जुलै १९६४ रोजी या सेवेचे एक प्रमुख, मेजर चार्ल्स केली, जखमींना घ्यायला गेले असताना गोळी लागून मारले गेले. जखमींना घेतल्याशिवाय परत फिरायला त्यांनी नकार दिला होता. शत्रूच्या माऱ्यात हेलिकॉप्टर गमावण्याचं प्रमाण या सेवेत इतर हेलिकॉप्टर मोहिमांच्या तिपटीहून जास्त होतं.

ताण कसा मोजला?

पीटर बोर्न हे अमेरिकी लष्करातले तरुण मानसोपचारतज्ज्ञ १९६५-६६ च्या सुमारास व्हिएतनाममध्ये संशोधन करत होते. वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेतले रॉबर्ट रोझ आणि जॉन मेसन त्यांचे सहकारी होते.

ताण आला की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल जास्त प्रमाणात रक्तात येतं. पुढे त्याचे अवशेष लघवीतून बाहेर पडतात. म्हणून बोर्न यांनी मेडिकची २४ तासांची लघवी गोळा करायची पद्धत वापरली. रक्ताच्या एका नमुन्यात फक्त त्या क्षणाची स्थिती कळते, शिवाय सुई टोचण्याचाही ताण येतो. २४ तासांच्या लघवीतून मात्र पूर्ण दिवसाचा हिशेब मिळतो.

काही आठवडे हे नमुने घेतले गेले. त्यात उड्डाणाचे दिवस होते आणि तळावर बसून राहण्याचेही.

निकाल काय आला?

उड्डाणाच्या दिवशी आकडे चढतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारच्या दिवसांत फारसा फरक दिसला नाही. इतकंच नाही, तर वजनानुसार जितकी पातळी अपेक्षित होती, त्यापेक्षा या मेडिकची पातळी कमी निघाली.

हे कसं झालं? बोर्न यांनी या तरुणांशी बोलून त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. कुणाला देवावरच्या श्रद्धेचा आधार होता. कुणी आपण मरण्याची शक्यता किती, याचा हिशेब मांडून ती अगदी कमी असल्याचं स्वतःला पटवत होता. आपल्याला काही होणारच नाही, अशी काहींची पक्की समजूत होती. हातात ठरलेलं काम होतं, ते येत होतं आणि त्यातून जीव वाचताना डोळ्यांना दिसत होते. बाकीचे सैनिकही त्यांना मान देत. धोका तोच होता, पण त्याच्याकडे बघण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती.

साहेबांचा ताण जास्त?

याच संशोधकांनी मध्य व्हिएतनामच्या डोंगराळ भागात, एका एकाकी छावणीतल्या १२ जणांच्या स्पेशल फोर्सेस तुकडीचीही अशीच तपासणी केली. छावणीवर लवकरच मोठा हल्ला होणार, अशी खबर होती. सैनिक तटबंदी मजबूत करण्यात आणि शस्त्रं तयार ठेवण्यात गुंतले. हल्ला अपेक्षित होता त्या दिवशी त्यांच्यातल्या बहुतेकांची पातळी उलट उतरली.

दोन अधिकारी आणि रेडिओ ऑपरेटर यांची पातळी मात्र चढली. वरून येणारे आदेश झेलणं, निर्णय घेणं आणि ते खाली पटवणं या तिघांकडे होतं. हल्ला शेवटी झालाच नाही.

मग सगळं ठीक होतं का?

इथेच आकड्यांची मर्यादा कळते. व्हिएतनाम युद्धाच्या सुरुवातीच्या काळात मानसिक कारणांमुळे लढाईतून बाजूला काढाव्या लागलेल्या सैनिकांचं प्रमाण दुसऱ्या महायुद्धापेक्षा कमी होतं. अनेकांचा त्रास घरी परतल्यावर सुरू झाला. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, समाविष्ट केला. पुढे झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात व्हिएतनामला गेलेल्या सुमारे ३१ टक्के पुरुषांना आणि २७ टक्के महिलांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झाल्याचं दिसलं. या महिलांमध्ये बहुतेक नर्स होत्या.

१९८६ मध्ये आणखी एक धक्का बसला. मेडिकच्या अभ्यासातलेच जॉन मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या, पीटीएसडी झालेल्या माजी सैनिकांची लघवी तपासली. इतर काही मानसिक आजारांच्या रुग्णांपेक्षा त्यांचं कॉर्टिसॉल कमी होतं. म्हणजे ज्यांना सर्वाधिक त्रास होतोय, त्यांचाही आकडा कमी असू शकतो. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हाच निकाल आला असं नाही. पण ‘कमी कॉर्टिसॉल म्हणजे निवांत माणूस’ हे गणित मात्र मोडलं.

याचा अर्थ त्या ७ मेडिकना पुढे त्रास झाला, असा होत नाही. त्यांच्या तपासणीतून एवढंच कळतं की त्या आठवड्यांत ते काम पेलत होते. पुढची १० वर्षं कशी जातील, हे त्या बाटल्यांतून कळणं शक्यच नव्हतं.

आज याचा उपयोग काय?

युद्ध असो, महापूर असो की महासाथ, आणीबाणीत काम करणाऱ्या पथकाकडे बघताना या अभ्यासांतून तीन गोष्टी घेता येतात. स्पष्ट काम आणि सोबतीची माणसं असली की ताण पेलायला मदत होते. वरून दबाव झेलणाऱ्या प्रमुखाकडेही लक्ष द्यावं लागतं. आणि विचारपूस संकट संपल्यावरही, महिनोन् महिने चालू ठेवावी लागते, कारण काम करताना शांत दिसलेला माणूस नंतर कोसळू शकतो.

तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला असा त्रास होत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं.