सामोरी तूरे
सामोरी तूरे (सुमारे १८३०–१९००) : पश्चिम आफ्रिकेतील वासुलू राज्याचा संस्थापक; मूळचा व्यापारी. १८८२ साली फ्रेंचांशी त्याची पहिली चकमक झाली आणि पुढे सोळा वर्षे तो त्यांना पुरून उरला.

आफ्रिकेतील प्रतिकार म्हणजे भाले विरुद्ध तोफा, हे नेहमीचे चित्र इथे साफ खोटे ठरते. सामोरीचे लोहार फ्रेंच बनावटीच्या बंदुकांचा एकेक भाग सुटा करून पाहत आणि भट्टीत लोखंड तापवून, हातोड्याने ठोकून तशाच बंदुका घडवत. दारूही तिथेच तयार होई.

फ्रेंच पुढे सरकले तसा तो अख्खे राज्य घेऊन पूर्वेकडे हलला. मागे पिके जाळली, शत्रूच्या हाती दाणा लागू दिला नाही. याची किंमत आफ्रिकी रयतेनेच मोजली. घोडे आणि शस्त्रे मिळवण्यासाठी त्याने युद्धकैदी गुलाम म्हणून विकले; १८९७ मध्ये काँग हे विद्येचे आणि व्यापाराचे शहर बेचिराख केले. त्याचा पराक्रम सांगणाऱ्यांनी हे झाकून ठेवणे योग्य नाही.

सप्टेंबर १८९८ मध्ये तो पकडला गेला. १९०० साली गॅबॉनमध्ये हद्दपारीतच वारला. स्वतंत्र गिनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तूरे स्वतःला त्याचे वंशज म्हणवत.