मिनिटांचे अंतर

क्रीडाविक्रमांचे तक्ते हेही इतिहासाचे साधन आहे. मात्र ते जपून वाचावे लागते. बोस्टन मॅरेथॉनमधील व्हीलचेअर शर्यतीचेच पाहा. १९७५ साली बॉब हॉल याने तीन तासांच्या आत अंतर कापले तरच त्याला प्रमाणपत्र मिळणार होते. त्याला २ तास ५८ मिनिटे लागली. १९७७ मध्ये तो २:४०:१० वेळेत जिंकला, तर महिलांतील पहिली विजेती शॅरन रान हिची वेळ होती ३:४८:५१. म्हणजे ४३ टक्के अधिक! ‘स्त्रीदेहाची मर्यादा’ असा निष्कर्ष येथे कोणीही सहज काढील. परंतु १९९४ मध्ये हाइन्झ फ्राय १:२१:२३ आणि जीन ड्रिस्कॉल १:३४:२२. तफावत १६ टक्क्यांवर आली. सतरा वर्षांत स्त्रीदेह बदलत नसतो. खुर्ची हलकी, लांब, तीनचाकी झाली खरी, पण ती दोघांचीही. मग उरते ती सरावाची संधी. रान आणि ड्रिस्कॉल दोघींची जडणघडण इलिनॉय विद्यापीठात झाली. तेथे १९४०च्या दशकाअखेरपासून अपंग विद्यार्थ्यांच्या खेळांची परंपरा होती. हा योगायोग म्हणता येणार नाही.

१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनीय शर्यती ठेवल्या गेल्या, त्या पुरुषांसाठी १५०० मीटर आणि स्त्रियांसाठी ८००. (ती ८०० मीटरची शर्यत रान हिनेच, आता शॅरन हेड्रिक या नावाने, जिंकली.) तफावत तक्त्यात येण्याआधी संयोजकांच्या मनात होती, ती अशी.

२०१७ मध्ये मार्सेल हूग १:१८:०४, मानुएला शेर १:२८:१७. तफावत १३ टक्के. बोस्टनचा मार्ग उताराचा असल्याने तेथील वेळा जागतिक विक्रम ठरत नाहीत. तुलनेला मात्र त्या चालतात. उतार आणि वारा दोघांनाही जवळजवळ तोच.