धावेपासून टायरपर्यंत

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढविताना लोहार ती चाकाहून किंचित लहान घेई, तापवून बसवी व पाण्याने निववी. माप चुकले की चाक निकामी. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर सिद्ध केला. तरी मापाचे बंधन सुटले नाही.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी मोटार कुर्ल्यास तयार होई. २०२३ पर्यंत ती मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. तिच्या टायरवर ५.२०-१४ असे आकडे असत : रुंदी ५.२० इंच, चाकाचा व्यास १४ इंच. टायरची उंची रुंदीच्या जवळपास असल्याने ती वेगळी सांगावी लागत नसे. पुढे बुटके रेडियल टायर आले आणि उंचीचे शेकडा प्रमाणही छापणे भाग पडले.

त्या तिसऱ्या आकड्यातच खरी मेख आहे. १५५/८० आर १३ ऐवजी १७५/८० आर १३ टायर घातला, तर त्रिज्या १६ मिलिमीटरने वाढते; जागा अपुरी असल्यास वळणावर टायर मडगार्डला घासतो. १७५/७० घेतला, तर व्यास अवघा ३ मिलिमीटरने घटतो. मात्र रुंदी दोन्ही बाजूंस १०-१० मिलिमीटर वाढतेच. तेवढी मोकळीक आत आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. घासून झिजलेला टायर भरवेगात फुटला, तर हिशेबाची ही चूक प्राणांवर बेतते.