धुराने आयुष्य वाढतं का?

कार्बन उत्सर्जन, आर्थिक वाढ आणि आयुर्मान असा विषय तुमच्या मनात असेल, तर आधी एक प्रयोग करा. भारताची १९५१ पासूनची आकडेवारी एका तक्त्यात भरा. जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान तेव्हा ३२ वर्षांच्या आसपास होतं, आता ते ७० आहे. याच काळात उत्पन्न वाढलं आणि कोळसा-डिझेल जाळणंही कितीतरी पटींनी वाढलं. तिन्ही रेषा वर चढतात, आणि सॉफ्टवेअर सांगतं की संबंध घट्ट आहे. मग धूर सोडला की माणूस जास्त जगतो, असं म्हणायचं का?

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९२६ सालीच याबद्दल सावध केलं होतं. इंग्लंडमधला मृत्युदर आणि चर्चमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण यांचा सहसंबंध त्यांना ०.९५ मिळाला! दोन्ही गोष्टी काळाबरोबर घटत होत्या, एवढंच.

म्हणून रेषांच्या मागचा इतिहास बघावा लागतो. आपल्या बिबवेवाडीत कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं रुग्णालय आहे. या विम्याची मुळं १९४८ च्या कायद्यात आहेत. कामगाराच्या पगारातून थोडी रक्कम कापायची, मालकाने त्याहून जास्त भरायची आणि त्यातून उपचार द्यायचे. आज हे दर ०.७५ आणि ३.२५ टक्के आहेत. तिकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने १९५५ मध्ये पेनिसिलिन बनवायला सुरुवात केली. कारखानदारीने आयुष्य वाढवलं असेल, तर ते अशा वाटांनी. चिमणीच्या धुराने नाही.

नुसत्या उत्पन्नानेही भागत नाही. १९७०-७५ मध्ये महाराष्ट्र केरळपेक्षा श्रीमंत होता, कारखानेही इथेच जास्त. तरी आयुर्मान इथे सुमारे ५४ आणि केरळात ६२ वर्षं. सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ च्या लेखात जगाचा हिशेब मांडला. १९३० ते १९६० च्या दशकांदरम्यान वाढलेल्या आयुर्मानात उत्पन्नवाढीचा वाटा त्यांना १० ते २५ टक्केच दिसला.

आता धुराकडे या. हवेतला कार्बन डायऑक्साइड लगेच कुणाला आजारी पाडत नाही. पण तेच डिझेल जळताना पीएम २.५ हे सूक्ष्म कण निघतात आणि फुप्फुसांत, तिथून रक्तात जातात. त्यांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची फक्त ५. शेजारच्या मार्केट यार्डात ट्रकमागे उभा राहणारा हमाल हा धूर रोज घेतो. तुमच्या राष्ट्रीय सरासरीत तो दिसतच नाही.

तेव्हा वाटा वेगळ्या करून मोजा. उत्पन्नातून दवाखाना, पाणी, शाळा किती आलं? इंधनातून सूक्ष्म कण किती आले, आणि कुणाच्या वाट्याला? हे न करता ‘उत्सर्जन वाढलं, आयुर्मान वाढलं’ एवढंच छापलंत, तर उद्या कुणीतरी तोच तक्ता दाखवून धुरावरचे निर्बंध नकोत म्हणेल. आणि त्याची किंमत तो हमाल भरेल.