पहिलं कार्ड कोण वाचतं?

परवा एक माजी विद्यार्थी जुना लॅपटॉप घेऊन घरी आला. हार्डडिस्क गेलेली. नवा घेण्याची ऐपत नाही आणि मुलीचं दहावीचं वर्ष. म्हणाला, "सर, मेमरी कार्डावर लिनक्स टाकलंय, पण हे यंत्र कार्डाकडे बघायलाच तयार नाही."

मित्रहो, कार्डावर चालणारं यंत्र सोलापूरला नवं नाही. आपली जॅकार्ड चादर जुन्या रीतीनं कशी विणतात? भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं माळेसारखी ओवून मागावर चढवतात. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि तिचे उभे धागे उचलले जातात. नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, धागे खालीच. एका कार्डाला एक आडवा धागा. माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी. फ्रान्समध्ये जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास, आधीच्या कारागिरांच्या युक्त्या जुळवून, हे बसवलं. पुढं हॉलरिथनं १८९० च्या अमेरिकी जनगणनेत माणसंच भोकांत मांडली, आणि तिथून कार्डं संगणकात आली.

पण मागाला भोक ओळखायला शिकवावं लागत नाही, ते त्याच्या सुयांतच आहे. संगणकाला कार्ड वाचायलाही सूचना लागतात. मग त्या सूचना कोण वाचणार? आपले नैयायिक याला अनवस्था म्हणतात. कुठंतरी थांबावंच लागतं. आयबीएम १४०१ या यंत्रात ते थांबणं एका बटणात होतं. बटण दाबलं की पहिल्या कार्डाचे ८० रकाने स्मृतीच्या पहिल्या ८० घरांत जात आणि यंत्र तिथूनच कामाला लागे. पुढची कार्डं कशी घ्यायची, ते त्या पहिल्या कार्डावरच लिहिलेलं!

लॅपटॉपमध्ये त्या बटणाचं काम बायोसची चिप करते. जुन्या पद्धतीत ती फक्त पहिले ५१२ बाइट उचलते, पुढचं ते बघून घेतात. पण पुष्कळ जुन्या बायोसना बाजूच्या खाचेतलं कार्ड वाचताच येत नाही. त्या खाचेचा ड्रायव्हर विंडोज सुरू झाल्यावर येतो. म्हणजे माग चालू झाल्यावर सुया बसवायच्या! यूएसबी मात्र बायोसला बहुधा कळतं.

म्हणून कार्ड यूएसबी रीडरमध्ये घालायला सांगितलं. सुरू करतानाच बूट मेनूची कळ दाबायची (त्याच्या यंत्रावर एफ१२, प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी). तिसऱ्या खेपेला पडदा उजळला. सावकाश चालतं, पण पोरीचे धडे दिसतात. चालू असताना कार्ड उपसू नकोस, एवढं तिला बजावलंय.