फिंकनवाल्डचें गुरुकुल

१९३४ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस महात्मा गांधींनीं लंडनमधील एका तरुण जर्मन धर्मोपदेशकास एक लहानसें पत्र लिहिलें. कांहीं काळ आपल्या सहवासांत राहण्याची परवानगी या तरुणानें त्यांच्याकडे मागितली होती. साबरमती सोडून गांधीजींनीं त्या सुमारास वर्धा हें आपलें कार्यस्थान केलें होतें. परतीच्या भाड्याची सोय असेल आणि दरमहा माणशीं शंभर रुपयांपर्यंत खर्च सोसण्याची तयारी असेल, तर वाटेल तेव्हां यावें, असें त्यांनीं कळविलें. आणि आपण त्या वेळीं तुरुंगाबाहेर व एका जागीं स्थिर असलों, तर आपल्याबरोबरच राहतां येईल, हेंहि मोकळेपणानें लिहिलें. हा तरुण हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं. पुढच्या सहा महिन्यांच्या आंत तो स्वदेशीं परतला, आणि बाल्टिक समुद्राच्या कांठीं वीसपंचवीस तरुणांना घेऊन राहूं लागला. त्याचें नांव डीट्रिश बॉनहोफर. वर्ध्याला येऊन जें पाहावयाचें होतें, तें त्याला आपल्याच देशांत, आणि फार प्रतिकूल काळांत, उभें करावें लागलें.

बॉनहोफरचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजीं ब्रेस्लौ येथें झाला. त्याचे वडील पुढें बर्लिन विद्यापीठांत मानसोपचारशास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले. घरांत संगीत होतें, ग्रंथ होते, मोकळी चर्चा होती. नेमानें चर्चला जाण्याचा परिपाठ मात्र नव्हता. अशा घरांतील मुलानें धर्मशास्त्र निवडलें, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षीं डॉक्टरेट मिळविली. १९३०-३१ सालीं न्यूयॉर्क येथें शिकत असतांना हार्लेम भागांतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्यें तो जाऊं लागला, आणि तेथील भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रिका परततांना बरोबर घेऊन आला. ग्रंथ लिहिले, प्रवचनें केलीं, तरी आपण त्या काळीं खऱ्या अर्थानें ख्रिस्ती झालों नव्हतों, असें त्यानें पुढें एका खासगी पत्रांत कबूल केलें आहे. येशूचें डोंगरावरील प्रवचन हें केवळ अभ्यासाचा विषय नसून आचरणाचा विषय आहे, ही जाणीव त्याला याच वर्षांत झाली. आणि याच जाणिवेमुळें त्याचें लक्ष गांधीजींकडे वेधलें.

त्यानें काढलेल्या विद्यालयाची गरज कां पडली, हें समजण्यासाठीं जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळीची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. तेथील पाळक हा जवळजवळ सरकारी अधिकाऱ्याइतकाच प्रतिष्ठित असे. विद्यापीठांतील अभ्यास, मंडळीची परीक्षा, कांहीं काळ उमेदवारी आणि शेवटीं पाळकांच्या विद्यालयांतील शिक्षण, अशा पायऱ्या चढून तरुण या पदास पोंचे. आणि मग घर, पगार व मान यांची त्याला ददात नसे. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलरच्या हातीं सत्ता आली. एप्रिल महिन्यांत ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरींतून काढण्याचा कायदा झाला, आणि सप्टेंबरांत प्रशियाच्या धर्मसभेनें तोच नियम आपल्या सेवकांना लावला. पाळक म्हणून निष्ठेनें सेवा करणाऱ्या मनुष्यासहि त्याच्या आजोबांच्या वंशावरून दूर लोटावें, असा त्याचा अर्थ होता. या प्रकारास विरोध करणारे लोक १९३४ च्या मे महिन्यांत बार्मेन येथें जमले आणि धर्माच्या बाबतींत राज्यकर्त्यांची सत्ता अंतिम नाहीं, असें त्यांनीं जाहीर केलें. हीच ‘कन्फेसिंग चर्च’, म्हणजे आपली श्रद्धा उघडपणें घोषित करणारी मंडळी. जुनीं विद्यालयें विरोधकांच्या हातीं उरलीं नव्हतीं. म्हणून प्रशियांत या मंडळीनें स्वतःचीं पांच विद्यालयें काढलीं, आणि त्यांपैकीं एकाची जबाबदारी एकोणतीस वर्षांच्या बॉनहोफरवर टाकली.

२६ एप्रिल १९३५ रोजीं समुद्रकांठच्या सिंग्स्ट या गांवीं हें विद्यालय सुरू झालें. जूनमध्यें तें स्टेटिन शहराजवळ फिंकनवाल्ड येथें एका जुन्या प्रशस्त घरांत गेलें. घर मोठें होतें, परंतु रिकामें होतें. विद्यार्थ्यांनींच भिंती रंगविल्या आणि सुतारकाम केलें. आसपासच्या मंडळ्यांनीं व कांहीं जमीनदार कुटुंबांनीं सामान आणि अन्नधान्य पाठविलें. एकदां तर रेल्वेच्या मालधक्क्यावरून निरोप आला कीं, विद्यालयाच्या नांवें एक जिवंत डुक्कर आलें आहे! बॉनहोफरनें आपला पियानो, आपले ग्रंथ आणि हार्लेमच्या ध्वनिमुद्रिका सर्वांसाठीं खुल्या ठेवल्या.

या घरांतील दिनक्रम विद्यापीठांतून आलेल्या तरुणांना चमत्कारिक वाटला. सकाळीं उठल्यापासून प्रार्थनेपर्यंत मौन. मग एका मेजाभोंवतीं बसून स्तोत्रें, बायबलचें वाचन, गायन आणि प्रार्थना. न्याहारीनंतर अर्धा तास एकट्यानें चिंतन. या चिंतनासाठीं बायबलमधील एक लहानसा उतारा आठवडाभर तोच असे. शब्दकोश उघडावयाचा नाहीं, भाष्य पाहावयाचें नाहीं, प्रवचनाची तयारी करावयाची नाहीं; तो उतारा आपल्याला काय सांगतो, एवढेंच शांतपणें ऐकावयाचें. ग्रीक व हिब्रू भाषांत पारंगत असलेल्या या मंडळींना तो अर्धा तास कठीण गेला. कोणी डुलकी घेई, कोणी पाइप ओढी, कोणाचें मन भलतीकडेच भटके. तक्रारी झाल्या, परंतु बॉनहोफरनें नियम सोडला नाहीं. त्यानंतर मात्र व्याख्यानें, चर्चा, समुद्रावरचीं भटकंती, चेंडूचे खेळ आणि संगीत यांना भरपूर वाव होता. हंसणेंखेळणें वर्ज्य असलेला हा मठ नव्हता.

सिंग्स्ट येथील सुरुवातीच्या दिवसांतील एक प्रसंग त्याचा तेव्हांचा विद्यार्थी आणि पुढचा चरित्रकार एबरहार्ट बेटगे यानें नमूद केला आहे. सायंकाळीं स्वयंपाकघरांतून मदतीसाठीं बोलावणें आलें. कोणी चटकन उठलें नाहीं. बॉनहोफर मुकाट्यानें उठला आणि आंत गेला. ओशाळलेले विद्यार्थी मागोमाग धांवले, तेव्हां त्यानें त्यांना आंत येऊं दिलें नाहीं. काम उरकून तो समुद्रकांठीं त्यांच्यांत येऊन मिसळला. पण त्या गोष्टीविषयीं एक अक्षरहि बोलला नाहीं. सेवेवरील व्याख्यान तें तेवढेंच.

दुसरा एक नियम याहूनहि अवघड होता. कोणाहि बंधूविषयीं त्याच्या गैरहजेरींत बोलूं नये. आणि बोलणें झालेंच, तर तें स्वतः जाऊन त्याला सांगावें. हा नियम वारंवार मोडे, वारंवार क्षमा मागावी लागे. परंतु प्रवचनांतून आणि शास्त्राच्या तासांतून जें शिकलों, जवळजवळ तितकेंच या मोडण्यांतून आणि पुन्हां सुरुवात करण्यांतून शिकलों, अशी साक्ष बेटगे यानें दिली आहे. वीसपंचवीस माणसें एका छपराखालीं राहत असतां हा नियम पाळणें किती कठीण आहे, हें वाड्यांत वा वसतिगृहांत राहिलेल्या श्रोत्यांना सांगावयास नको.

या पद्धतीवर टीकाहि झाली. हें सारें रोमन कॅथलिक वळणाचें आहे, अशी कुजबुज होती. बार्मेनच्या घोषणेचा मुख्य कर्ता कार्ल बार्ट, जो तेव्हां बॉन येथील अध्यापकपद गमावून बासेलला गेला होता, त्यालाहि १९३६ सालीं या चिंतनपद्धतींत मठाचा वास आला. ही शंका अगदींच निराधार होती असें नाहीं. कारण फिंकनवाल्डला येण्यापूर्वीं बॉनहोफरनें इंग्लंडांतील मर्फील्ड व केल्हम येथील अँग्लिकन बंधुसंघ मुद्दाम जाऊन पाहिले होते. पण त्याचा उद्देश जगापासून दूर जाण्याचा नव्हता. शिक्षण पुरें झालेले कांहीं तरुण मागें ठेवून त्यानें एक लहानसा बंधुनिवास स्थापला. त्यांतील बंधु आणि विद्यार्थी चारसहा जणांच्या तुकड्या करून पोमेरानियाच्या खेड्यांत जात, दिवसां घरोघर फिरत आणि सायंकाळीं चर्चमध्यें बोलत. पुस्तकांत वाचलेली श्रद्धा शेतकऱ्याच्या चुलीशीं बसून सांगतां येते कीं नाहीं, याची परीक्षा तेथें होई.

खरी परीक्षा मात्र सरकारकडून आली. २ डिसेंबर १९३५ च्या हुकुमानें कन्फेसिंग चर्चनें चालविलेलें शिक्षण आणि दिलेली दीक्षा हीं बेकायदा ठरलीं. बॉनहोफरनें विद्यार्थ्यांना परिस्थिति समजावून सांगितली आणि जाण्याची मोकळीक दिली. ते राहिले. या निर्णयाची किंमत लहान नव्हती. त्यांना अधिकृत पद मिळणार नव्हतें, पगाराची शाश्वति नव्हती, लग्न करून संसार थाटावा अशी परिस्थिति नव्हती. उलट पक्षीं मोह सतत समोर होता. सरकारमान्य धर्मसमितीकडे अर्ज करावा, तिची सत्ता मान्य करावी, कीं सर्व कांहीं सुरळीत होई. पुढील वर्षांत कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं तो मार्ग धरला, आणि प्रत्येक वेळीं मागें राहिलेल्यांना त्याचें दुःख झालें. १९३६ सालीं बॉनहोफरचा विद्यापीठांत शिकविण्याचा अधिकारहि काढून घेण्यांत आला.

२८ सप्टेंबर १९३७ रोजीं गेस्टापोनें फिंकनवाल्डच्या घरास टाळें ठोकलें. नोव्हेंबरपर्यंत तेथील सत्तावीस माजी विद्यार्थी तुरुंगांत गेले होते. विद्यालय तेथेंच संपलें असें सरकारला वाटलें असेल. पण तें केवळ घर संपलें होतें. कोस्लिन आणि ग्रोस-श्लोनविट्स येथील पाळकांकडे या तरुणांची मदतनीस म्हणून रीतसर नोंद झाली, आणि दोन गटांत शिक्षण पुढें चाललें. बॉनहोफर प्रत्येक आठवड्यांत एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाई. पुढें दुसरा गट सिगुर्ट्सहोफ नांवाच्या एकाकी वाडींत हलला, आणि १९४० च्या मार्चमध्यें पोलिसांनीं तोहि बंद केला. विखुरलेल्या बंधूंना पत्रें जात राहिलीं: कोण तुरुंगांत आहे, कोण सुटला, या आठवड्यांत चिंतनासाठीं कोणता उतारा घ्यावा. ज्या अर्ध्या तासाविषयीं एके काळीं तक्रारी झाल्या होत्या, तो आतां कोठडींत आणि पुढें रणांगणावर सोबतीस होता.

असें असलें तरी या इतिहासाला केवळ विजयाची कथा म्हणतां येत नाहीं. १९३८ सालीं पाळकांना हिटलरच्या निष्ठेची शपथ घेण्यास सांगण्यांत आलें, तेव्हां कन्फेसिंग चर्चमधील बहुसंख्य पाळकांनीं ती घेतली. आणि मागाहून कळलें कीं, नाझी पक्षाला त्या शपथेचें कांहीं महत्त्वच नव्हतें. त्याच वर्षीं ९ नोव्हेंबरच्या रात्रीं ज्यूंचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं, तेव्हां मंडळी म्हणून ती गप्प राहिली. बॉनहोफरच्या बायबलमध्यें चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रांतील, देवाचीं मंदिरें जाळल्याचा उल्लेख असलेल्या वचनाच्या समासांत त्यानें ती तारीख लिहून ठेवलेली आढळते. आपल्या मंडळीच्या हक्कांसाठीं झुंजणाऱ्यांना शेजाऱ्यासाठीं तितक्याच जोरानें बोलतां आलें नाहीं, हें शल्य त्याला पुढें आयुष्यभर टोंचत राहिलें.

१९३९ च्या उन्हाळ्यांत मित्रांनीं त्याला सुरक्षित ठेवण्यासाठीं अमेरिकेस बोलाविलें. तो गेला, आणि महिन्याभरांतच परतला; देशाच्या संकटांत वांटेकरी न होणाऱ्यास युद्धानंतरच्या उभारणींत भाग घेण्याचा अधिकार राहणार नाहीं, असें त्याला वाटलें. युद्ध सुरू झाल्यावर त्याचे अनेक विद्यार्थी सैन्यांत ओढले गेले आणि रणांगणावर पडले. त्यांच्या मृत्यूच्या वार्ता त्यालाच पत्रांतून इतरांना कळवाव्या लागल्या. हिटलरविरुद्धच्या कटांत सामील असलेल्या मंडळींशीं त्याचा संबंध आला. ५ एप्रिल १९४३ रोजीं त्याला अटक झाली, आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं, जर्मनीच्या शरणागतीस महिनाच उरला असतां, फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणींत फांशी देण्यांत आलें. तुरुंगांतून त्यानें बेटगेला लिहिलेलीं पत्रें १९५१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. फिंकनवाल्डच्या सहजीवनावर त्यानें लिहिलेलें छोटेंसें पुस्तक १९३९ सालींच निघालें होतें.

युद्धानंतर स्टेटिन पोलंडकडे गेलें. फिंकनवाल्ड आज श्चेत्सिन शहराचा एक भाग आहे. तें विद्यालय तेथें अवघीं सव्वादोन वर्षें चाललें. त्यानें तरुणांना पदवी दिली नाहीं, नोकरी दिली नाहीं. उलट दोन्हींवर पाणी सोडण्याची तयारी मागितली. स्वयंपाकघरांतील हांकेला उठणें, पाठीमागें न बोलणें, अर्धा तास निमूटपणें ऐकणें, खेड्यांत जाऊन दारें ठोठावणें, हे त्याचे पाठ दिसावयास किरकोळ होते. पण घर गेलें, गुरु गेला, मान्यता गेली, तेव्हां कित्येकांच्या जवळ हेच पाठ शिल्लक राहिले. वर्ध्याहून आलेल्या पत्राचा स्वीकार करणें बॉनहोफरला जमलें नाहीं. परंतु ज्या जीवनाची ओढ त्याला इकडे आणूं पाहत होती, त्याचा एक नम्र प्रयोग त्यानें आपल्या मातींत केला, आणि त्याचें मोल स्वतः चुकतें केलें.